सोसायटीच्या एसटीपीत बॅक्टेरियाची पावडर टाकावी का?

पिंपळपान
नमस्कार मंडळी. यंदा सोसायटीच्या कमिटीत आहे आणि एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं, खातं माझ्याकडे आलंय. वाकडची जुनी सोसायटी, एरेशन टाकी, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडतात ती, साधारण एक लाख लिटरची. दिवाळीपासून बी विंगच्या खालच्या मजल्यांना वास येतो, फ्लशला येणारं पाणी गढूळ असतं. प्लांट चालवणारे कंत्राटदार म्हणतात, "तुमचे बॅक्टेरिया मेलेत, दर महिन्याला कल्चरची पावडर घालावी लागेल." किलोचा भाव ऐकून आमच्या खजिनदारांनी आधी पाणी मागितलं आणि मग दुसरं कोटेशन.

आमच्याच इमारतीत संत्र्या-मोसंबीच्या सालींचं बायोएन्झाइम करणारा उत्साही गट आहे. त्यांचं म्हणणं, पावडर कशाला, आमचे कॅन ओता. वॉचमन काकांचं मत शेणाला. रविवारी सभा आहे, तिथे तिन्ही पक्ष समोरासमोर येणार.

या पावडरीत असतं काय? जिवाणू मेले म्हणजे नक्की काय झालं? आणि टाकीच्या दृष्टीने जिवाणू घालणं आणि एन्झाइम घालणं यात फरक काय? इथे या कामातले बरेच जण आहेत, म्हणून विचारतोय.

एरेटर_आबा
पावडरीचं नंतर बघू. टाकीत हवा ढकलणारा ब्लोअर रात्री चालू असतो का?

पिंपळपान
रात्री दहानंतर बंद. ए विंगच्या पहिल्या मजल्याला आवाजाचा त्रास होतो म्हणून मागच्या कमिटीने ठराव केला होता. वीजबिलही उतरलं.

एरेटर_आबा
मग जिवाणू मेलेले नाहीत, रोज रात्री गुदमरतायत. पिंपरी-हिंजवडी पट्ट्यात एसटीपी सुरू करून देणं हेच माझं काम, आणि वासाची तक्रार आली की मी पहिलं ब्लोअरचं लॉगबुक मागतो.

हिशोब करून बघा. एरेशन टाकीतल्या तपकिरी पाण्यात लिटरमागे तीन ग्रॅम घन पदार्थ धरा, आम्ही त्याला एमएलएसएस म्हणतो. त्यातला मोठा भाग जिवाणूंचे पुंजके. एक लाख लिटरला तीनशे किलो झाले. त्यात महिन्याला एक किलो पावडर, आणि तिच्यातही बरंचसं वजन कोंड्याचं किंवा तसल्याच भरीचं. काय फरक पडणार? शिवाय संडासातून रोज नवी भरती चालूच असते. विष्ठेच्या कोरड्या वजनाचा पाव ते निम्मा भाग निव्वळ जिवाणूंचा असतो. सोसायटीत माणसं राहतायत तोवर तुम्हाला जिवाणू विकत घ्यायची पाळी येत नाही.

रात्री हवा बंद झाली की पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन काही मिनिटांत संपतो, कारण खाणारी तोंडं फार. मग ऑक्सिजनवाचून जगणारे कामाला लागतात. त्यातले काही पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. बी विंगला येतो तो हाच सडक्या अंड्याचा वास. गाळ तळाशी बसून कुजतो, गॅसचे बुडबुडे त्याला वर आणतात आणि सकाळी तोच पुढे वाहत जातो. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू तर आणखी हळवे. बाकीचे काही तासांत दुप्पट होतात, यांना एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो, थंडीत अजूनच वेळ. त्यांना रोज रात्री झोपवलं तर ते टाकीत टिकतच नाहीत.

सभेआधी एक चाचणी घरच्या घरी करा. एक लिटरच्या मापाच्या नळीत एरेशन टाकीतलं पाणी, ब्लोअर चालू असताना, भरून घ्या आणि अर्धा तास हलवू नका. गाळ २५० ते ४०० मिलीच्या रेषेपर्यंत बसला आणि वरचं पाणी निवळलं तर तब्येत बरी आहे. गाळ काळा असेल तर हवा कमी पडतेय. चांगल्या गाळाला पावसाने भिजलेल्या मातीचा वास येतो, नाक मुरडावं लागत नाही. आकडा इथे टाका, पुढचं सांगतो.

ठाणेकर
आबा, तुमचा प्रतिसाद छापून आमच्या इमारतीच्या नोटीस बोर्डावर लावतोय, चालेल ना? आमच्याकडेही रात्री ब्लोअर बंद असतो.

एरेटर_आबा
खुशाल लावा. आणि आवाजाची तक्रार खोटी समजू नका, रात्री ब्लोअर खरंच डोक्यात घुमतो. त्यावर ध्वनिरोधक पेटी बसवा, खाली रबराचे पॅड घाला, टायमरवर थोडा वेळ बंद-थोडा वेळ चालू असं चालवा. सलग सात-आठ तास बंद मात्र नको.

मैत्रेयी_सू
आबांच्या म्हणण्याला इतिहासाचाही आधार आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि ही गोष्ट दर वर्षी वर्गात सांगते.

गाळ राखून सांडपाण्यात हवा सोडायची ही पद्धत सिद्ध केली मँचेस्टरच्या एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी, १९१४ साली. बाटलीत सांडपाणी घेऊन त्यात हवा सोडत राहिले. पहिल्या खेपेला सगळ्या अमोनियाचं नायट्रेट व्हायला पाच आठवडे लागले. मग त्यांनी वरचं पाणी ओतून दिलं, तळाचा गाळ तसाच राखला आणि त्यावर ताजं सांडपाणी भरलं. असं करत गेल्यावर दर खेपेला वेळ घटत गेला आणि शेवटी एका दिवसाच्या आत तेच काम व्हायला लागलं. कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला लावावं, तसं. बाहेरून काहीही घातलं नव्हतं. जे जिवाणू सांडपाण्यात आधीच होते त्यातले त्या कामाला लायक असलेले हवेमुळे वाढले, आणि गाळ न फेकल्यामुळे टिकले. आज जगभरातल्या शहरांचं मैलापाणी याच युक्तीवर शुद्ध होतं.

त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे १९१६ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आले, त्यामुळे आपल्याकडे हा विषय फार लवकर पोचला.

पिंपळपान, म्हणून गाळ परत फिरवणारा पंप चालू आहे का तेही बघा. तो बंद असेल तर हवा देऊनही गाळ वाहून जाईल.

अबोली
आमच्यासारख्या गटाचा उल्लेख झालाच आहे म्हणून लिहिते. मी वाकडची नाही, पण बायोएन्झाइम नेमाने करते. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने झाकून ठेवायचं. आमच्या घरातलं फिनाइल बंद झालं, नळाखालचा पांढरा थर निघतो, कामवाल्या मावशींच्या हाताची आग थांबली. हे काहीच नसतं तर असं का होतं? आणि गटारात अ‍ॅसिड ओतण्यापेक्षा हे ओतलेलं बरंच ना? इथे थोडं सबुरीने बोला, साली कचऱ्यात न टाकता कुणी काही करतंय याची किंमत आहे.

मैत्रेयी_सू
अबोलीताई, किंमत नक्कीच आहे, आणि फरशीबद्दल तुमचा अनुभव खरा आहे. पांढरा थर निघतो तो आम्लामुळे. गूळ आणि सालींवर यीस्ट आणि जिवाणू वाढतात, साखरेचा आधी अल्कोहोल आणि मग बराचसा अ‍ॅसिटिक आणि लॅक्टिक आम्ल होतो. पीएच तीन-चारच्या आसपास उतरतो. क्षाराचा थर अशा पाण्यात विरघळतो. सालींतल्या तेलाचा सुवास असतो. थोडीफार एन्झाइम असतीलही, पण इतक्या आम्लात तीन महिने राहून बहुतेकांचा जोर उतरलेला असतो. फरशीसाठी मनापासून वापरा.

टाकीचं मात्र उलटं आहे. तिथे तुमचा कॅन म्हणजे गुळाचा आंबलेला रस. टाकीतल्या जिवाणूंना तो आणखी एक खाऊ, आणि तो पचवायला आणखी ऑक्सिजन. ज्या टाकीत हवाच कमी आहे तिथे हा भार वाढवायचा का, याचा विचार करा.

फरकाबद्दल: एन्झाइम हे प्रथिन आहे, एकच ठराविक रासायनिक काम भराभर करणारं. ते स्वतःची संख्या वाढवत नाही आणि वाहत्या पाण्यात ओतलं तर वाहून जातं, किंवा दुसरे जिवाणू त्यालाच खातात. जिवाणू हा त्या एन्झाइमचा कारखाना असतो. समोर स्टार्च आला तर अमायलेज काढेल, तेल आलं तर लायपेज. शेकडो प्रकारची घाण एकत्र येते त्या टाकीत बाटलीतलं एखादं एन्झाइम पुरं पडत नाही.

अबोली
पटलं. टाकीत नको. पण साली मी टाकून देणार नाही.

मैत्रेयी_सू
नकाच टाकू!

कुडाळी
शेणाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून आलो. आमच्याकडे गोबरगॅस आहे. वॉचमन काकांचं अगदीच चुकलं नाही, फक्त टाकी वेगळी. शेणात मिथेन करणारे सूक्ष्मजीव असतात, त्यांना हवा अजिबात नको. गोबरगॅसला शेणाचं पाणी हेच खरं बियाणं. हवेच्या टाकीत त्यांचा उपयोग नाही.

विषय निघालाच आहे तर, हे काम आपल्या मातीत जुनं आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रयस्थानात १८९७ साली मैल्याच्या टाक्यांतून निघणारा गॅस गोळा करून वापरत होते. आमच्या कणकवलीला गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्यापासून खत आणि गॅस करण्यावर आयुष्य वेचलं, तेही ज्या काळात या कामाला हात लावणं म्हणजे वाळीत पडणं होतं. देहूला डॉ. मापुसकरांनी संडासाला जोडलेला गॅस प्लांट गावात रुजवला, त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. एक डॉक्टर गावात येतो, तपासताना त्याला कळतं की निम्मे रोग उघड्यावरच्या घाणीतून येतायत, आणि तो संडास बांधायला लागतो. मला या माणसाबद्दल अपार आदर आहे.

आणि ओला कचरा असेल तर भाभा अणुसंशोधन केंद्राचा निसर्गऋण प्लांट बघा. तिथे आधी गरम पाणी आणि हवा देऊन कचरा विरघळवतात, मग तो मिथेनच्या टाकीत जातो. दोन टप्पे वेगळे केल्यामुळे काम लवकर उरकतं.

गव्हाण
राम राम. साखर कारखान्यात केमिस्ट आहे, डिस्टिलरीचंही बघतो. तुमचं सांडपाणी म्हणजे आमच्या मानाने गंगाजल म्हणायचं. घरच्या सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे घाण पचवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅम. आमच्या स्पेंटवॉशचा चाळीस-पन्नास हजार. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की दहा-बारा लिटर हा काळा रस उरतो. त्याला थेट हवा देत बसलो तर कारखान्याची सगळी वीज ब्लोअरलाच जाईल. म्हणून आधी बंद डायजेस्टर, मिथेन बॉयलरला, आणि उरलेलं प्रेसमडवर, म्हणजे उसाचा रस गाळून राहिलेल्या गाळावर, शिंपडून कंपोस्ट, किंवा आटवून जाळणं. रंग मात्र हट्टी. तो मेलॅनॉइडिनचा, आणि ते साध्या जिवाणूंना पचत नाही. लाकूड कुजवणाऱ्या काही बुरशींची लॅकेज, पेरॉक्सिडेज असली एन्झाइम त्याला फोडतात, पण रोजच्या लाखो लिटरला ते परवडायला हवं ना भावा.

आता उलट बाजू, जिवाणू आमचा माल खातात तेव्हाची. तोडलेला ऊस वेळेत गव्हाणीत पडला नाही, की त्यात ल्युकोनोस्टॉक वाढतो. त्याचं एन्झाइम साखरेचं डेक्स्ट्रान करतं, म्हणजे चिकट लांब साखळ्या. रस घट्ट होतो, गाळण तुंबते, साखरेचा दाणा लांबुळका येतो. तिथे आम्ही डेक्स्ट्रानेज नावाचं एन्झाइम मोजून घालतो आणि तासाभरात रस सुटा होतो. त्यामुळे एन्झाइम म्हणजे सगळी थाप असं कुणी म्हणू नये. काम एक, पदार्थ ठरलेला, तापमान आणि पीएच हातात, तिथे ते पैसे वसूल करतं. ऊस वेळेत गाळला तर तेही लागत नाही, हे आमच्या शेतकी खात्याला कोण सांगणार!

इचलकरंजीकर
गव्हाण दादांशी सहमत. आमच्याकडे सायझिंगमध्ये ताण्याच्या सुताला स्टार्चची खळ लावतात, नाहीतर मागावर धागा तुटतो. कापड झाल्यावर ती खळ काढायला अमायलेज. पूर्वी त्यासाठी अ‍ॅसिड वापरत, जरा मात्रा चुकली की कापडच कमजोर. अमायलेज फक्त स्टार्च तोडतं, कापसाच्या सेल्युलोजला हात लावत नाही. पण निघालेली खळ शेवटी सांडपाण्यातच जाते आणि तिचा बीओडी भरपूर. एका ठिकाणचं काम एन्झाइमने सोपं केलं तरी उरलेलं कुठे जातं ते बघावंच लागतं. पंचगंगेकाठी राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

पिंपरीचा_जुना
पिंपरीचं नाव निघालं म्हणून. आमच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, १९५४ चा कारखाना, मातीतून शोधलेल्या एका जिवाणूचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना आहे. त्यापासून हमायसिन हे बुरशीविरोधी औषध निघालं. पेनिसिलिनच्या रेणूची शेपटी कापून नवी प्रतिजैविकं करायची तर पूर्वी उणे चाळीस अंशाला क्लोरिनयुक्त द्रावकं लागत. पेनिसिलिन अ‍ॅसिलेज हे एन्झाइम तेच काम कोमट पाण्यात करतं. मण्यांवर चिकटवून ठेवलं की पुन्हा पुन्हा वापरता येतं. पाषाणच्या एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, यावर बरंच संशोधन झालंय. घातक द्रावक वापरलंच नाही तर त्याचं सांडपाणीही होत नाही. कचरा शुद्ध करण्यात एन्झाइमचा सगळ्यात मोठा वाटा मला हाच वाटतो.

डेल्फ्टवासी
आबा, तुमच्याशी थोडं भांडतो. "बाहेरून जिवाणू घालायची गरजच नाही" हे सरसकट खरं नाही.

मी नेदरलँड्समध्ये याच क्षेत्रात आहे. अमोनिया आणि नायट्राइट जोडून थेट नायट्रोजन वायू करणारे, ऑक्सिजन न लागणारे जिवाणू असतात. प्रक्रियेचं नाव अ‍ॅनामॉक्स. असे जीव असावेत असं एंगेलबर्ट ब्रोडा या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९७७ मध्ये केवळ गणिताने मांडलं होतं. नव्वदच्या दशकात ते डेल्फ्टमधल्या एका यीस्ट कारखान्याच्या सांडपाण्यात सापडले. हवेचा खर्च यात खूप वाचतो. पण हे दुप्पट व्हायला दहा-अकरा दिवस घेतात. रॉटरडॅमला २००२ मध्ये पहिला मोठा रिअ‍ॅक्टर बांधला, तो पूर्ण क्षमतेला यायला साडेतीन वर्षं लागली, कारण विरजण म्हणून घालायला इतका गाळ जगात कुठेच नव्हता. पुढचे प्लांट मात्र तिथला गाळ नेऊन काही महिन्यांत सुरू झाले. भूजलात ड्राय क्लीनिंगची क्लोरिनयुक्त द्रावकं मुरली असतील तिथेही डिहॅलोकोकॉइडिस नावाचा ठराविक जिवाणू जमिनीत सोडतात आणि त्याचा फायदा दिसतो.

एरेटर_आबा
भांडण मान्य. काम दुर्मीळ, जिवाणू दुर्मीळ आणि वाढ मंद असेल तर बियाणं हवंच. नवीन एसटीपी सुरू करताना मीही टँकरने गाळ आणतो. पण कुठून? शेजारच्या चालत्या एसटीपीतून. तो गाळ त्याच पाण्यावर पोसलेला असतो. वर्षानुवर्षं चालू असलेल्या सोसायटीच्या टाकीत दर महिन्याला पावडर, याला मात्र माझा विरोध कायम. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेही घरगुती सेप्टिक टँकसाठी अशा पावडरींची शिफारस केलेली नाही.

दोन_पोरांची_आई
धागा भलताच माहितीचा झालाय. थोडं वेगळं विचारू का? आमच्या सासूबाई म्हणतात, पोरांना मातीत खेळू द्या, प्रतिकारशक्ती वाढते. मी हात धुऊन धुऊन थकले. यात तथ्य आहे का?

निळावंती
मी बालरोग विभागात काम करते, म्हणून लिहिते.

सासूबाईंच्या बाजूने पुरावा आहे. अमेरिकेत आमिश आणि हटराइट असे दोन शेतकरी समाज आहेत. मूळ जवळजवळ एकच, खाणं सारखं. आमिश घराशेजारच्या गोठ्यात गुरं पाळतात, हटराइटांची शेती यांत्रिक आणि घरापासून लांब. २०१६ मधल्या अभ्यासात आमिश शाळकरी मुलांत दम्याचं प्रमाण ५.२ टक्के आणि हटराइट मुलांत २१.३ टक्के होतं. आमिश घरांतली धूळ उंदरांच्या नाकात घातली तर त्यांनाही दम्यापासून संरक्षण मिळालं, हटराइट घरांच्या धुळीने मिळालं नाही. फिनलंडमध्ये पाळणाघरांच्या रेतीच्या अंगणात जंगलातली माती आणि झाडोरा आणून पसरला. २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातल्या दाह आवरणाऱ्या खुणाही सुधारल्या. मात्र मुलं आजारी कमी पडली का, हे त्या प्रयोगात पाहिलेलं नव्हतं.

पण माती आणि मैला यांची गल्लत करू नका. बागेतली, शेतातली माती वेगळी. सांडपाण्यातून टायफॉइड, कावीळ, पोलिओ येतात, आणि त्यांच्याशी सामना होऊन मूल बळकट होतं असं समजणं जिवावर बेतेल. मुंबईच्या सांडपाण्यात २००१ पासून पोलिओचा विषाणू शोधत होते तो याचसाठी. एकाही मुलाला लकवा होण्याआधी विषाणू फिरतोय हे गटार सांगत असे. तेव्हा, खेळू दे बिनधास्त, पण जेवायच्या आधी आणि संडासनंतर साबण. लसी वेळेवर.

दोन_पोरांची_आई
मनापासून आभार. सासूबाईंना हा प्रतिसाद वाचून दाखवला, आज आमच्याकडे शिरा आहे.

निळावंती
एन्झाइम आणि प्रतिकारशक्तीचं आणखी एक नातं सांगते, कारण अबोलीताईंच्या मावशींच्या हातावरून आठवलं. कपड्यांच्या पावडरीत जिवाणूंपासून काढलेली प्रथिन तोडणारी एन्झाइम साठच्या दशकात मोठ्या प्रमाणावर आली. बनवणाऱ्या कारखान्यांत ती धूळ श्वासात जाऊन कामगारांना दमा व्हायला लागला, १९६९ मध्ये ब्रिटनमधून हे प्रसिद्ध झालं. शरीर त्या परक्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं करत होतं. मग एन्झाइमवर लेप देऊन त्याचे दाणे करायला लागले, धूळ उडेनाशी झाली आणि त्रास एकदम कमी झाला. म्हणून कुठलीही एन्झाइमची किंवा जिवाणूंची कोरडी पावडर टाकणाऱ्याने तोंडावर मास्क बांधलाच पाहिजे. कंत्राटदाराच्या पोराला तो कुणी देत नाही.

आणि ज्यासाठी मी एन्झाइमला हात जोडते ते अ‍ॅस्परॅजिनेज. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरतो, ई. कोलायपासून मिळतं. कर्कपेशींना अ‍ॅस्परॅजिन नावाचं अमिनो आम्ल बाहेरून लागतं, हे एन्झाइम रक्तातलं अ‍ॅस्परॅजिनच संपवतं. काही मुलांचं शरीर त्याच्याविरुद्धही प्रतिपिंडं करतं, मग अर्विनिया नावाच्या दुसऱ्या जिवाणूपासूनचं एन्झाइम द्यावं लागतं. जी जात आपण पाणी दूषित असल्याची खूण म्हणून मोजतो, तिच्याच एका वाणाकडून हे औषध येतं. वॉर्डातून घरी जाणारं प्रत्येक मूल पाहून मला याचं नवल वाटतं.

मैत्रेयी_सू
निळावंती, सुंदर लिहिलंत. त्यात एकाची भर: जिवाणूंनाही प्रतिकारशक्ती असते, आणि ती उमगली दह्याच्या धंद्यात. विरजणाच्या जिवाणूंना विषाणू लागले की आख्खा घाणा वाया जातो. २००७ मध्ये डॅनिस्को कंपनीच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की वाचलेले जिवाणू विषाणूच्या डीएनएचा तुकडा स्वतःच्या डीएनएत साठवतात आणि पुढच्या हल्ल्यात ओळखतात. हेच क्रिस्पर. त्यातलं कापणारं एन्झाइम कॅस९, आणि त्यावरच्या कामाला २०२० चं नोबेल.

वऱ्हाडी_मिरची
लोणारचं सरोवर २०२० मध्ये गुलाबी झालं होतं, तेबी जिवाणूच ना?

मैत्रेयी_सू
मीठ मानवणारे हॅलोआर्किया, म्हणजे जिवाणूंपेक्षा वेगळा गट. पाणी आटून खारटपणा वाढला, त्यांचं रंगद्रव्य दिसलं. पुण्याच्या आघारकर संस्थेने ते तपासलं. लोणारचं पाणी इतकं अल्कधर्मी आहे की तिथल्या सूक्ष्मजीवांची एन्झाइम साबणाच्या पाण्यात टिकतील का यावर अभ्यास होत असतो.

पिंपळपान
सभा झाली. नळीच्या चाचणीत गाळ काळपट निघाला, ९०० मिलीच्या खाली बसेना. सगळ्यांसमोर नळी टेबलावर ठेवली, त्यामुळे फार बोलावं लागलं नाही. पावडरीचा ठराव बारगळला, ब्लोअरला पेटी आणि टायमर मंजूर. गाळ परत फिरवणारा पंप अर्धवेळ चालत होता तोही सुधारला. अबोलीताई, आमच्या गटाने फरशीसाठी कॅन द्यायचं कबूल केलंय. आता कंत्राटदार म्हणतात, टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे डिफ्यूझर तुंबलेत, टाकी रिकामी करून माणूस उतरवून साफ करू. करू देऊ का?

एरेटर_आबा
माणूस उतरवू नका. हे मी मोठ्या आवाजात सांगतोय असं समजा.

तुमच्या टाकीच्या तळाशी कुजलेला गाळ आहे. तो ढवळला की हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो. थोडा असेल तर वास येतो, जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. माणसाला वाटतं गॅस गेला. एक कोसळतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, तोही जातो. पेपरात दोन-तीन जणांच्या बातम्या एकत्र येतात त्या अशाच. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि अशा मृत्यूला तीस लाखांची भरपाई द्यावी असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलंय. तीस लाखांनी कुणाचा बाप परत येत नाही.

डिफ्यूझरची पाइपची शिडी वर उचलता येते अशी रचना आता मिळते, बदलताना तीच बसवा. तोवर सक्शन टँकरने गाळ कमी करा, झाकणं उघडी ठेवून हवा खेळती ठेवा, आणि गॅस मोजायचं यंत्र, हार्नेस, बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि प्रशिक्षित माणसं आणणाऱ्यालाच काम द्या. ठरावात हे लिहून घ्या.

कुडाळी
आबांना +१. हे सगळ्यात वर चिकटवून ठेवायला हवं.

पिंपळपान
ठरावात घालतो, आणि त्या कंत्राटदारालाही लेखी देतो. उपसलेल्या गाळाचं काय? बागेला घालता येईल का?

एरेटर_आबा
ताजा नको. त्यात जंतांची अंडी असतात आणि ती महिनोन्‌महिने टिकतात. वाळवून, पालापाचोळ्याबरोबर नीट कंपोस्ट करून, ढीग आतून हात लावता येणार नाही इतका तापला पाहिजे. मग झाडांना, लॉनला घाला. कच्ची खायची भाजी, कोथिंबीर, मुळा यांना अजिबात नाही. आणि ब्लोअर रात्रीही टायमरवर सुरू झाल्यावर पहिले काही दिवस टाकीवर पांढरा फेस येईल. गाळ नवा असला की येतोच. घाबरून त्यावर कुठलंही केमिकल मारू देऊ नका, पाण्याचा फवारा पुरे.